विश्लेषण : पडद्यावरचा स्पायडरमॅन मराठीत, मग कागदावरचा का नाही? ठाणे-डोंबिवलीच्या कॉमिक्स वाचकांपुढचा पेच काय?

‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला. त्यात मराठीही होती. पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन आणि ‘मुंबॅटन’ नावाचे त्याचे शहर यांमुळे ठाणे-डोंबिवलीतल्या प्रेक्षकांना तो घरचाच वाटला. पण चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या दहा वर्षांच्या मुलाला याच नायकाचा मासिक अंक मराठीत हवा असेल, तर तो नियमितपणे कुठेच मिळत नाही. त्याच्या आजोबांना मात्र त्याच वयात मुखवटा घातलेला नायक मराठीतून वाचायला मिळत होता. त्याचे नाव होते वेताळ. आजोबांना मिळालेले वाचन नातवापर्यंत का पोहोचले नाही, आजचा सुपरहिरो कॉमिक्सचा वाचक काय आणि कसा वाचतो, आणि माळ्यावरचे जुने अंक आता का महत्त्वाचे आहेत, याचा आढावा.

मराठी सुपरहिरो वाचक घडला कुठून?

मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची प्रकाशक कंपनी बेनेट, कोलमनने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पुढे ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघू लागले. पहिल्या ३२ अंकांत ली फॉक यांच्या ‘फँटम’च्या कथा होत्या. मराठी वाचकांसाठी हा फँटम वेताळ झाला. नंतर जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी असे नायक आलटून पालटून येत गेले.

१९७६ मध्ये या मालिकेत बहादूर आला. लेखक आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांचा हा भारतीय नायक. त्याचा बाप डाकू होता आणि तो स्वतः डाकूंविरुद्ध लोकांना संघटित करत होता. त्याच्याकडे अलौकिक शक्ती नव्हती, अंगात कुर्ता आणि खाली जीन्स होती. याच सुरतींनी पुढे ठाणे जिल्ह्यातील मिरा रोड येथे घरोघरी जाऊन गळके नळ विनामूल्य दुरुस्त करण्याचे काम सुरू केले.

मालिका आधी मासिक होती, मग पाक्षिक आणि शेवटी साप्ताहिक झाली. १९९० मध्ये ती बंद पडेपर्यंत आठशेच्या आसपास अंक निघाले. अंक पातळ, कागद साधा आणि किंमत मध्यमवर्गीय घराला झेपणारी. शिवाय तो विकत घ्यावाच लागे असे नाही. रेल्वे स्थानकावरचा पुस्तकांचा स्टॉल, कोपऱ्यावरचा पेपरवाला, दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणारी लहान लायब्ररी आणि शेवटी रद्दीचे दुकान, अशी साखळीच होती. एक अंक अनेक घरांतून फिरे. सुटीत चाळीतल्या मुलांमध्ये अदलाबदल चाले ती वेगळीच. वाचक घडवण्यात नायकाइतकाच या साखळीचाही वाटा होता.

वेताळाला सुपरहिरो म्हणायचे का?

यावर वाचकांत जुना वाद आहे. वेताळाची पट्टी अमेरिकी वृत्तपत्रांत फेब्रुवारी १९३६ मध्ये सुरू झाली. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये आला आणि बॅटमॅन १९३९ मध्ये. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा ही आज सुपरहिरोची ओळख समजली जाते. ती वेताळाने आधी आणली. पण तो उडत नाही, गोळी लागली तर जखमी होतो आणि एक दिवस मरतो. त्याची जागा मुलगा घेतो. कथांमधला वेताळ एकविसावा आहे आणि जंगलातले लोक मात्र तो अमर आहे असे समजतात.

घराणे, वारसा, कवटीच्या गुहेत घेतलेली शपथ, पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या वह्या हे सगळे मराठी मुलाला परके वाटले नाही. ‘वेताळ’ हे नावही गावाच्या वेशीवरच्या देवाचे आणि विक्रम-वेताळाच्या गोष्टीतले. भाषांतर करणाऱ्यांनी परक्या नायकाला ओळखीच्या पाटावर बसवले.

संपादकांनी आणखीही बदल केले. मूळ कथेतला ‘बंगाला’ हा देश बंगालची आठवण देणारा, म्हणून इंद्रजालमध्ये तो ‘देंकाली’ झाला. ‘सिंग’ नावाचे चाचे होते, त्यांचे ‘सिंगा’ केले गेले. तरीही आज हे अंक पुन्हा उघडणाऱ्या वाचकाला एक गोष्ट खटकते. जंगलातल्या काळ्या माणसांना न्याय द्यायला पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूसच लागतो. लहानपणी न दिसलेली ही चौकट मोठेपणी दिसते. वेताळावर प्रेम करणारे अनेक जण आज हा आक्षेपही मान्य करतात.

मराठीची साखळी कधी तुटली?

इंद्रजाल बंद झाले तेव्हा घराघरांत दूरदर्शन पोहोचले होते. त्याच सुमारास हिंदीत राज कॉमिक्स जोरात होते. नागराज १९८६ मध्ये आला, सुपर कमांडो ध्रुव १९८७ मध्ये. नागराजचे सुरुवातीचे अंक ज्यांनी रेखाटले ते प्रताप मुळीक पुण्याचे. ‘अमर चित्रकथा’मुळे त्यांची रेषा मराठी घरांना आधीच परिचित होती. १९९०च्या दशकात आलेला डोगा तर मुंबईचाच. कुत्र्याचा मुखवटा घालून तो शहराच्या गटारांतून फिरतो, भटकी कुत्री त्याला मदत करतात आणि गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करण्याइतका धीर त्याच्याकडे नसतो.

हिंदीची लिपी देवनागरीच असल्याने ठाणे-कल्याणच्या मराठी मुलाला हे अंक वाचायला अडचण आली नाही. स्टॉलवर हिंदी अंक आयता मिळत होता आणि मुले तो वाचतही होती. अशा बाजारात वेगळी मराठी आवृत्ती काढण्याचे धाडस करण्याचे कारण प्रकाशकांकडे उरले नाही. लिपी एक असणे वाचकाच्या सोयीचे ठरले, मराठी कॉमिक्सच्या मात्र नाही.

त्यानंतरच्या पिढीला गोथम कॉमिक्सने छापलेले मार्व्हल आणि डीसीचे स्वस्त भारतीय अंक मिळाले, तेही मुख्यतः इंग्रजीत. पवित्र प्रभाकरचा जन्म याच कंपनीत झाला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ आणला. खेड्यातून मुंबईला आलेला हा मुलगा धोतर नेसून इमारतींवरून झेपावत होता. मालिका अवघ्या चार अंकांची होती. तिच्यातला नायक जगभर गाजायला पुढची १९ वर्षे आणि एक चित्रपट लागला.

आज एकाच घरात या सगळ्या पिढ्या सापडतात. साठीतल्या आजोबांचा वेताळ मराठी, चाळिशीतल्या वडिलांचा ध्रुव हिंदी आणि विशीतल्या मुलीचा बॅटमॅन इंग्रजी. नायकाबरोबर वाचनाची भाषाही बदलत गेली.

आजचा वाचक नेमका कसा वाचतो?

मुख्यतः फोनवर आणि बऱ्याचदा लोकलमध्ये. अमेरिकी मासिक अंकात कथेची पाने साधारण वीस-बावीस. डोंबिवलीला पकडलेली गाडी ठाण्याला पोहोचेपर्यंत एक अंक संपतो. मुंबईपर्यंतच्या प्रवासात तीन-चार अंक सहज होतात. कादंबरीसाठी लागणारी सलगता गर्दीत मिळत नाही. कॉमिक मात्र कुठेही थांबवता येते आणि एका हाताने वाचता येते.

यात एक नुकसान आहे. कॉमिक्सचे एकक पान आहे. कोणती चौकट मोठी, कोणती अरुंद, पान उलटल्यावर काय दिसावे, हे चित्रकाराने ठरवलेले असते. फोनवर ॲप एकेक चौकट मोठी करून पुढे सरकवते. गोष्ट कळते, पण पानाची रचना दिसत नाही. दोन पानांवर पसरलेले चित्र फोनच्या पडद्यावर काडेपेटीएवढे होते. त्यामुळे अनेक जण आधी फोनवर वाचतात आणि जे आवडेल तेवढेच छापील विकत घेतात.

छापील घेण्याचे गणित अवघड आहे. बहुतेक सुपरहिरो मासिक अंकांची अमेरिकेतील किंमत ३.९९ ते ४.९९ डॉलर असते. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर एका अंकाचे ३४० ते ४२५ रुपये होतात आणि आयातीचा खर्च वेगळा. वाचायला लागतात दहा-पंधरा मिनिटे. म्हणून इथला वाचक सुटे अंक टाळून पाच-सहा अंकांची एकत्र बांधलेली आवृत्ती घेतो आणि तीही ऑनलाइन सवलतीची वाट पाहून.

डिजिटल वाचनही पूर्ण भरवशाचे नाही. ‘कॉमिक्सॉलॉजी’ हे लोकप्रिय ॲप ॲमेझॉनने २०१४ मध्ये घेतले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते किंडलमध्ये विलीन केले. विकत घेतलेले अंक टिकले, पण वाचकांच्या हाताला बसलेली मांडणी गेली. पैसे भरून घेतलेला डिजिटल अंक म्हणजे वाचनाची परवानगी असते. तो कुणाला उसना देता येत नाही आणि रद्दीतही विकता येत नाही. ज्या फिरत्या अंकांवर आधीची पिढी वाचक झाली, ते फिरणे इथे थांबते.

सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न एवढा अवघड का?

चित्रपट पाहून कॉमिक्सकडे वळणारा नवा वाचक सर्वात आधी इथे अडतो. स्पायडरमॅन १९६२ पासून छापला जात आहे. इतक्या दशकांच्या कथा एकमेकींना जोडलेल्या असतात. गुंता फार वाढला की कंपनी मागचे पुसून नव्याने मांडणी करते. संगणक अडकला की तो रीस्टार्ट करावा, तसेच हे. डीसीने १९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मधून असा प्रयोग केला आणि सप्टेंबर २०११ मध्ये एकदम ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. दर वेळी उद्देश नव्या वाचकाला सोपे व्हावे हाच असतो. प्रत्यक्षात ‘पहिला अंक’ नावाचे अंकच इतके होतात की खरा पहिला कोणता, हे शोधावे लागते.

जपानी मांगाकडे तरुण वाचक वळण्यामागे हेही एक कारण आहे. तिथे साधारणपणे एक लेखक, एक गोष्ट आणि क्रमाने खंड असतात. खंड एकपासून सुरू करायचे आणि शेवटपर्यंत जायचे. बॅटमॅनच्या बाबतीत असे सांगता येत नाही.

अनुभवी वाचकांचा सल्ला मात्र साधा असतो. नायक धरू नका, लेखक-चित्रकारांची जोडी धरा आणि स्वतंत्र पूर्ण होणारी गोष्ट निवडा. फ्रँक मिलर यांची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ (१९८६) किंवा ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमन’ (१९८६-८७) वाचायला मागचे काही माहीत असावे लागत नाही. दोन्ही प्रौढांसाठीच्या कथा आहेत. ‘कॉमिक्स म्हणजे मुलांचे’ असे समजून दहा वर्षांच्या मुलाच्या हाती त्या देऊ नयेत.

वाचकांचे भांडण कशावरून?

शक्तींवरून कमी आणि परिणामांवरून जास्त. १९७७ मध्ये वेताळाचे डायनाशी लग्न झाले. पुढे जुळी मुले झाली आणि ते सगळे कथेत टिकले. स्पायडरमॅनचे मेरी जेनशी लग्न १९८७ मध्ये झाले आणि २००७ मध्ये ‘वन मोअर डे’ या कथेत सैतानाशी सौदा करून ते पुसले गेले. ते वाचलेल्यांचा राग अजून शमलेला नाही. सुपरमॅन १९९२ मध्ये मारला गेला, त्याचे अंक तुफान खपले आणि पुढच्याच वर्षी तो परतला. तेव्हापासून सुपरहिरो कॉमिक्समधल्या मृत्यूवर वाचकाचा विश्वास बसत नाही.

वरवर हा छंदिष्टांचा वाद वाटतो. पण त्यामागचा प्रश्न कोणत्याही गोष्टीच्या वाचकाचा आहे. मी वीस वर्षे ज्याच्यासोबत वाढलो, ते घडलेच नाही असे सांगण्याचा अधिकार गोष्टीच्या मालकाला आहे का? कायद्याने आहे. नायक कंपनीच्या मालकीचे असतात आणि त्यांना निर्माण करणारे लेखक-चित्रकार अनेकदा कराराबाहेर राहिलेले. म्हणून जाणकार वाचक मुखपृष्ठावर नायकाच्या आधी नावे पाहतो.

मराठी आवृत्ती काढणे इतके कठीण का?

पहिली अडचण हक्कांची. परदेशी कंपनीकडून सहसा प्रत्येक भाषेसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते, मानधन द्यावे लागते आणि छापण्याआधी पाने मंजूर करून घ्यावी लागतात. कमी प्रतींवर हा खर्च वसूल होणे अवघड असते.

दुसरी अडचण तांत्रिक आहे आणि ती सहसा लक्षात येत नाही. संवादाचे फुगे इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने काढलेले असतात. त्या अक्षरांची उंची सारखी असते. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे. दोन ओळींमध्ये जागा जास्त लागते. तेवढाच मजकूर त्याच फुग्यात बसवायचा तर अक्षर बारीक करावे लागते किंवा वाक्य छाटावे लागते. ‘धडाम’, ‘फाट्’ यांसारखे आवाज तर चित्राचाच भाग असतात. ते बदलायचे म्हणजे चित्र पुन्हा रंगवायचे. चित्रपटाचे डबिंग करताना चित्राला हात लावावा लागत नाही. कॉमिकचे भाषांतर करताना लावावा लागतो.

तिसरी अडचण विक्रीची. स्टॉल, पेपरवाला आणि भाड्याची लायब्ररी ही साखळी विरळ झाली आहे. अमेरिकेतही परिस्थिती फार बरी नाही. तिथल्या कॉमिक्स दुकानांना माल पुरवणाऱ्या डायमंड या बलाढ्य वितरकाने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मुंबईत कॉमिक कॉन भरते, तिथे तिकिटासोबत एक अंक देण्याची पद्धतही आहे. पण ठाण्यापलीकडच्या कुटुंबासाठी ती वर्षातली एक सहल झाली. दर आठवड्याला वाचण्याची सवय तिच्यातून लागत नाही.

माळ्यावरच्या अंकांचे काय करायचे?

ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना माळा आधी रिकामा होतो. इंद्रजालचे मराठी अंक अशा वेळी रद्दीत जातात. त्यांचे नियमित पुनर्मुद्रण होत नसल्याने गेलेला अंक सहजी परत मिळत नाही. चाहत्यांनी काही अंक स्कॅन करून ठेवले आहेत, पण हक्कधारकाच्या परवानगीशिवाय ते पसरवणे कायद्यात बसत नाही. विकत मिळत नाही आणि फुकट घेणे बेकायदा, अशा कात्रीत वाचक सापडला आहे.

घरात असे अंक असतील तर काही साध्या गोष्टी करता येतात. वर्तमानपत्री कागदात आम्ल असते, त्यामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. ऊन आणि दमट हवा ही क्रिया वाढवतात. अंक बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, तिचा डिंक डाग पाडतो. लॅमिनेशन करू नये, ते काढता येत नाही. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढाव्यात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. आणि अंक कुणाला द्यायच्या आधी क्रमांक व नावांची यादी करून ठेवावी. यादी असली की संग्रह, नसली की गठ्ठा.

वाचनालये काय करू शकतात?

हा पट्टा वाचनालयांचा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. डोंबिवलीत १९८६ मध्ये सुरू झालेल्या पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या अदलाबदलीचा उपक्रम लोकप्रिय केला. वाचलेले आणा, न वाचलेले घेऊन जा, ही कल्पना मुळात कॉमिक्स वाचणाऱ्या मुलांचीच होती.

अशा उपक्रमात कॉमिक्ससाठी एक टेबल ठेवणे, दान आलेल्या अंकांची नोंद करणे, बालविभागात ते बसून वाचायला देणे, याला मोठा निधी लागत नाही. जुन्या अंकाच्या वाचनाला नव्याने परवानगी घ्यावी लागत नाही, कारण छापील प्रत हाताळणे आणि वाचायला देणे हे स्कॅन करून वाटण्यापेक्षा वेगळे आहे. मराठीत नवे सुपरहिरो कॉमिक कधी येईल ते प्रकाशकांच्या हिशेबावर अवलंबून आहे. पण मागणी आहे की नाही, हे कळायला मुलांच्या हातात आधी अंक पडावा लागेल. अक्षर नुकतेच सुटे वाचू लागलेल्या मुलाला दोनशे पानांचे पुस्तक डोंगराएवढे वाटते. बत्तीस पानांचा अंक तो एका दुपारी संपवतो, आणि कुणाच्याही मदतीशिवाय संपवलेले ते त्याचे पहिले मराठी वाचन असू शकते.